मोडीत निघालेली गाडी आणि मोडीत लिहिलेला हिशेब

गतवर्षीच्या आपल्या स्नेहसंमेलनास आम्ही कुटुंबीय आमच्या आजोबांची जुनी फियाट गाडी घेऊन आलो होतो, हे अनेक ज्ञातिबांधवांच्या स्मरणात असेल. भोजनोत्तर मंडपाबाहेर तिच्याभोवती बराच घोळका जमला. वडीलधाऱ्यांनी दारांवरून हात फिरवला, भगिनीवर्गाने आत बसून पाहिले आणि मुलांनी भोंगा वाजवून कान किटवले. त्या गर्दीतील एका चुणचुणीत मुलाने मला विचारले, "काका, ह्यातले अस्सल किती?" प्रश्न चार शब्दांचा, परंतु उत्तर देताना माझी त्रेधा उडाली. थोडा वेळ मी चाचपडलो आणि अखेर पान खाण्याच्या निमित्ताने तेथून सटकलो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने हा प्रसंग पाहिला होता. त्यांनी त्या मुलाचे देणे लेखरूपाने फेडण्याची आज्ञा केली, म्हणून हा लेखनप्रपंच. प्रश्न एका गाडीविषयीचा खरा, परंतु त्याचे उत्तर आपल्या धंद्याच्या इतिहासात थोडे मागे गेल्यावाचून सापडत नाही.

आपण सुतार-लोहार. बलुतेदारीच्या व्यवस्थेत आपल्या पूर्वजांची गणना थोरल्या ओळीत होत असे, आणि त्याचे कारण गाडा व नांगर हे होय. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथास 'गावगाडा' हे नाव दिले, ते आपणांस तरी अतिशयोक्त वाटू नये. गाडा चालता ठेवणाऱ्यास सुगीनंतर खळ्यावर धान्य मिळे. प्रत्येक दुरुस्तीची वेगळी मजुरी मागण्याची रीत नव्हती. त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती टिकावी ही गरज कुणब्याइतकीच सुताराचीही असे. आपल्या ज्ञातीत काटकसरीचे जे वळण दिसते त्याला मी नुसती गरिबी समजत नाही. त्याच्या मुळाशी हा व्यवहार आहे.

चाकाचेच पाहा. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे आणि त्या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची. धावेची पट्टी वर्तुळाकार वळवून तिची टोके भट्टीत जोडीत. तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवीत. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होऊन फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवीत आणि लागलीच पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे आणि सारे सांधे करकरत एकमेकांत शिरत. ज्यांनी हा देखावा बालपणी पाहिला असेल त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. पुढे उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली की ती उतरवून, थोडी कापून, पुन्हा जोडीत. चाक मोडले तरी धाव मोडीत जात नसे. ती दुसऱ्या चाकास होई, आणि झिजून पातळ झाली की तिचे विळे, कोयंडे, बिजागऱ्या होत. एकाच लोखंडाने तीन पिढ्यांत चार रूपे घ्यावी, ह्यात त्या काळी कोणास नवल वाटत नव्हते.

मुंबईत पहिल्या मोटारगाड्या १८९८ साली आल्या. जमशेटजी टाटा हे त्या आरंभीच्या मालकांपैकी एक. घोड्यावाचून धावणारी ही गाडी आपल्या मुळावर येणार असे पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. घडले मात्र निराळे. त्या काळची मोटार यंत्राने विलायती असली तरी अंगाने सुतारीच होती. खाली पोलादी सांगाडा व यंत्र. वर लाकडाची चौकट आणि तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. पाश्चात्य कारागीर त्या चौकटीस ॲश नावाचे लाकूड वापरीत. आपल्याकडे दुरुस्तीस आलेल्या गाड्यांना साग लाभला. दाराची चौकट वाकली, छताच्या पट्ट्या कुजल्या, पायरी तुटली, तर यंत्रज्ञाचे तेथे काय काम? वाकस, पटाशी आणि गुण्या घेऊन सुतारालाच बोलवावे लागे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीस गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, तेव्हा मोटारी सुटे भाग होऊन बोटीने येत व येथे उभ्या राहत. त्याच कंपनीने अमेरिकेत अखंड पोलादी छत आणले ते १९३५ च्या सुमारास. तोपर्यंतच्या छतात लाकूड व कापड होते, हे आजच्या तरुणांस सांगूनही खरे वाटत नाही.

आमचे आजोबा ह्याच संधिकाळात, १९३० च्या आगेमागे, सातारा जिल्ह्यातील आपले गाव सोडून मुंबईस आले आणि मोटारींची अंगे बांधणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले. गावी पणजोबा बैलगाड्या करीत. मुलगा मुंबईत मोटारी करू लागला. पणजोबांना म्हणे त्यात विशेष काही वाटले नाही. "चाकाचंच काम हाय न्हवं?" एवढेच ते बोलले, असे आमच्या घरी सांगत आले आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या वस्तूंचे मोल एकाएकी वाढवले. पेट्रोलवर नियंत्रण आले. मोटारींच्या आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची नळकांडी बसली. नवे भाग येईनासे झाले. युद्ध संपताच लष्कराच्या जीपगाड्या, ट्रक, पत्रे, दोरखंड, तंबू असा प्रचंड माल लिलावात निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या कारखान्यांत तेव्हा रूढ झाला, आणि दर्जेदार वस्तूला पुढे कित्येक वर्षे तीच पदवी मिळत राहिली. आजोबा युद्धानंतर पुण्यास आले व त्यांनी स्वतःची शेड घातली. त्या शेडचे छप्परही डिस्पोजलच्याच पत्र्याचे होते. त्यावरील पुसट इंग्रजी अक्षरे मी लहानपणी अंथरुणात पडून वाचीत असे.

ह्यानंतरचा टप्पा राज्यकारभाराने घडवला. १९५३ साली केंद्र सरकारने, ज्यांची भारतात मोटारी निर्माण करण्याची खरी योजना आहे त्यांनाच यापुढे मुभा राहील, असे धोरण ठरवले. केवळ भाग जुळवणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड ह्या अमेरिकन कंपन्यांनी त्यानंतर येथील काम आटोपते घेतले. देशी उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्य होते असेच माझे मत आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की रस्त्यावरच्या हजारो परदेशी गाड्या एका दिवसात पोरक्या झाल्या. त्यांचे भाग आता परदेशातून सहज येणार नव्हते. मग एका शेव्हरोलेचे दार दुसरीस, एका फोर्डचा आस तिसरीस, असा व्यवहार सुरू झाला. मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट आणि कुर्ल्याचा मोडीचा बाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, ही आमच्या आजोबांच्या पिढीची तीर्थक्षेत्रे होती. नागपाड्याचे व कुर्ल्याचे मुसलमान मिस्त्री पत्रा ठोकण्यात व यंत्र उघडण्यात निष्णात, आपले लोक लाकडात व भट्टीत निष्णात; एका गाडीवर दोघांचे हात चालत आणि डबे एकत्र उघडत. ह्या सहकार्याची नोंद कोणत्याही ग्रंथात मला आढळली नाही, म्हणून येथे मुद्दाम करून ठेवतो.

ट्रकांनी आपल्याला त्याहूनही मोठा आधार दिला. टेल्कोचे टाटा-मर्सिडीझ ट्रक १९५४ पासून निघू लागले. कारखान्यातून ट्रक बाहेर पडे तो सांगाडा, यंत्र आणि पुढचे तोंड एवढाच. चालकाची खोली व मागचा हौदा जागोजागचे कारागीर बांधीत. आपल्या ज्ञातीतील किती घरांच्या भिंती त्या हौद्यांवर उभ्या राहिल्या, हे प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावे.

आता आमच्या गाडीकडे वळतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जुळवल्या, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी आणली. तिचे पुढचे तोंड फुगीर व नाकाडासारखे पुढे आलेले, म्हणून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. नाव बोचरे असले तरी त्यात तिरस्कार नव्हता. तिची पुढची दारे उलटी उघडत. म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. आजीचे लुगडे त्या दारात नित्य अडके व ती गाडीला अस्सल सातारी शब्दांत नावे ठेवी. यंत्र १०८९ घनसेंटीमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ह्या गाडीची मुख्य विशेषता अशी की तिला जुन्या गाड्यांसारखा स्वतंत्र सांगाडा नाही. तळ, खांब, छत असे सारे अंग मिळूनच भार वाहते. म्हणजे तळाला गंज लागला की तो नुसत्या कातडीचा रोग राहत नाही, हाडापर्यंत जातो. हे पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

आजोबांनी ती विकत घेतली नव्हती. एका मालवाहतूकदाराकडे ट्रकच्या हौद्याचे पैसे थकले होते. १९६६ साली त्याने अपघातात उजव्या अंगाने चेपलेली, १९५७ सालची ही फियाट पैशांच्या बदल्यात शेडमध्ये आणून उभी केली. आजोबा ती तशीच मोडीत घालतील अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी दीड वर्ष रविवारी व सणावारी काम करून ती उभी केली. त्या गाडीतून आत्याची वरात निघाली, माझ्या वडिलांचे प्रेत इस्पितळातून घरी आले, आणि मी चालवायला शिकलो. १९८८ साली यंत्र थकले, १९९१ साली आजोबा गेले. गाडी शेडमध्ये एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिली, आणि पुढे कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला.

मधल्या काळात तिची भावंडे मुंबईच्या रस्त्यांवर राज्य करीत होती. १९६४ साली फियाटचा नवा नमुना आला, १९७४ साली त्याचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीचे तेच रूप पिढ्यांच्या मनात ठसले. उत्पादन थांबले ते इ.स. २००० च्या सुमारास. टॅक्सींस २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली. वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. डोळे पाणावणाऱ्यांत मीही होतो. परंतु ह्या टॅक्सी एकामागून एक मोडीत निघत असतानाच त्यांच्या भागांवर आमची गाडी पुन्हा जिवंत झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंत्राचे कूळ एकच असल्यामुळे पुष्कळ भाग थोड्या घासकामाने जुळतात.

गाडी उभी करण्याचा निर्णय २०२२ च्या आरंभी झाला, तोही सुखासुखी नव्हे. शेडची जागा मोकळी करणे भाग होते. धाकट्या बंधूंचे म्हणणे, भंगारवाला २५,००० देतो आहे, घ्यावे आणि सुटावे. ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलीचे शिक्षण चालू होते आणि माझे निवृत्तिवेतन सर्वांस ठाऊक आहे. आत्या त्या वेळी ८१ वर्षांच्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त उठून शेडमध्ये गेल्या आणि ताडपत्री बाजूस करून मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. कोंबड्यांची घाण, फाटलेली गादी, बाहेर आलेला काथ्या, कशाचीच त्यांनी पर्वा केली नाही. अर्ध्या तासाने बंधू त्यांना हात धरून बाहेर घेऊन आले. त्यानंतर विक्रीचा विषय निघाला नाही.

कामाचा तपशील सांगत बसलो तर स्मरणिका पुरणार नाही. तळ दोन ठिकाणी हाताने फुटावा इतका कुजला होता, तो कापून नवा पत्रा जोडला. दारांची खालची कड जुन्या मिस्त्रींच्या पद्धतीने, म्हणजे कल्हई करून शिशाने भरावी अशी माझी इच्छा होती. ते काम जाणणारा एक वृद्ध कारागीर भेटलाही, परंतु त्याचा हात थरथरत होता व त्याने स्वतःच नकार दिला. शेवटी हल्लीची लांबीच भरली. यंत्र आमच्या पुतण्याने व एका कुर्लेकर मिस्त्रीने मिळून उघडले. लाकूडकाम अर्थात माझ्याकडे होते.

मागची बैठक काढल्यावर तिच्या पाठीशी, सामानाच्या कप्प्याच्या बाजूस, मूळ पुठ्ठ्याऐवजी सागाची एक रुंद फळी आढळली. दोन ओबडधोबड लोखंडी पट्ट्यांनी ती अंगाला जखडली होती. पट्ट्या भट्टीत ठोकून केलेल्या, जाडीने असमान, गंजलेल्या. मी फळी जपून बाजूला ठेवली; लाकूड पाहताच ते एखाद्या वाड्याच्या तक्तपोशीचे आहे हे माझ्या ध्यानात आले. पट्ट्या मात्र मी पुतण्यास मोडीच्या ढिगात टाकावयास सांगितले. कारण विचाराल तर काही नाही. त्या गाडीच्या नव्हत्या, आणि मला गाडी मूळ रूपात आणावयाची होती.

फळी पालथी केली तेव्हा तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दिसल्या. लिपी मोडी. आजोबांचे शिक्षण चार इयत्ता, पण त्या काळच्या सुताराचा हिशेब मोडीतच चाले. विसाव्या शतकाच्या मध्यास ती लिपी शाळांतून उठली आणि आमच्या घरात आजोबांचे अक्षर वाचू शकणारा माणूस त्यांच्याबरोबरच गेला. मी त्या ओळी एखाद्या नक्षीसारख्या पाहत राहिलो. अखेर एका स्नेह्यांच्या ओळखीने जुने दफ्तर वाचणारे एक गृहस्थ घरी आले. चहाचा पेला बाजूला ठेवून ते ओळीवर बोट फिरवीत सावकाश वाचू लागले, तेव्हा खोलीत आम्ही नऊ माणसे होतो.

तो गाडीचा हिशेब होता. कोणता भाग कोठून आणला व काय पडले. उजवे पुढले दार, कुर्ला मोड, रुपये ४०. पुढली काच, जुना बाजार, रुपये २२. गादीचा काथ्या, घरचा. फळी, पानशेतच्या पुरात पडलेल्या वाड्याची, मालकाने फुकट दिली, देव त्याचे बरे करो. (१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात नदीकाठचे कित्येक वाडे कोसळले, हे वाचक जाणतातच.) अशा सतरा ओळी. आणि शेवटची : पट्ट्या दोन, बापाच्या गाडीच्या धावेच्या, गावाहून आणल्या.

वाचणारे गृहस्थ थांबले. पुतण्या काही न बोलता उठला आणि शेडकडे धावला.

मोडीचा ढीग आदल्या आठवड्यात निम्मा उचलला गेला होता. आम्ही सहा जणांनी उरलेला ढीग उपसला. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात एक पट्टी मिळाली. दुसरी मिळाली नाही. भंगारवाल्याकडे गेलो, त्या भल्या माणसाने आपले आवार उघडून दिले, परंतु माल पुढे वितळण्यास रवाना झाला होता. पणजोबांच्या हातची धाव, जिने गावच्या वाटा तुडवल्या, जिला आजोबांनी भट्टीत ठोकून मोटारीत आणले, ती मी पाच दशकांनी एका हाताच्या इशाऱ्याने घालवली. भंगारवाल्याने नेली असे मी कधी म्हणत नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. अस्सल किती? सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम केले. अशा गाडीस वेगळ्या मालिकेचा क्रमांक, प्रथम नोंदणीस २०,००० रुपये; मात्र ती गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात वा यंत्रात मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि तिने प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच रस्त्यावर यावे. नियम वाईट नाहीत. राजेरजवाड्यांच्या गाड्या त्यांच्या मूळ डौलात राहाव्या ही इच्छा रास्त आहे. दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या गाड्यांची फेरी भरवली तिचे महत्त्व मी नाकारीत नाही. तथापि त्या गाड्या जतन झाल्या त्या बहुधा न वापरल्यामुळे. आमची गाडी वापरली गेली. जिचे अंगच तिचा सांगाडा, तिचा तळ मी बदलला. दार १९६७ पासून परके. यंत्राचे अर्धे अवयव टॅक्सींचे. त्या व्याख्येने ती अस्सल ठरणे कठीण, म्हणून त्या मालिकेसाठी मी अर्ज केला नाही. सामान्य नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आणि आठ महिन्यांनी ते मिळाले.

परंतु अस्सलपणाची हीच एक व्याख्या आपल्या परंपरेत आहे काय? आपल्याकडे देवळाची डागडुजी होते तिला जीर्णोद्धार म्हणतात. दगड बदलला म्हणून देवस्थान बदलले असे कोणी मानीत नाही. पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण तर आपल्या धंद्यातलेच आहे. तेथील मूर्ती निंबाच्या लाकडाच्या. ज्या वर्षी आषाढ अधिक मास येतो अशा वर्षी नवकलेवर होते. १९९६ साली झाले, त्यानंतर २०१५ साली. विधिपूर्वक शोधलेल्या वृक्षाच्या लाकडातून सुतार नव्या मूर्ती घडवतात, जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच समाधी दिली जाते, आणि एका रात्री जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नवीत ठेवला जातो. ठेवणाऱ्याचे डोळे बांधलेले, हात वस्त्राने गुंडाळलेले. सारे लाकूड नवे, तरी देव तोच. मात्र ते एक काहीतरी जुन्यातून नव्यात जावेच लागते. माझी चूक काय झाली ती मला ह्या उदाहरणाने कळली. मी तळ बदलला ह्यात काही बिघडले नाही. ब्रह्मपदार्थ कोणता हे न पाहताच मी ढिगाकडे बोट केले.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभारले व १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केले. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, नक्षीची दारे आहेत; आपल्या पूर्वजांसारख्या अनाम कारागिरांनी घडवलेल्या आणि दुसऱ्या कोणी टाकून दिलेल्या वस्तू. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल तेथे पुन्हा उभा केला. तो महाल अस्सल किती, असे मी तेथे उभा असताना कोणास विचारताना ऐकले नाही. एका बापाचे दुःख त्या लाकडांना धरून आहे, हे बहुधा येणाऱ्यास न सांगता समजते.

गाडी जुळवण्याची वेळ आली तेव्हा फळी आपल्या जागी बसवायची ठरली. उजवीकडे पणजोबांच्या धावेची पट्टी लावली. डावीकडे काय लावावे ह्यावर घरात दोन दिवस खल झाला. माझ्या मनात आले की गावी एखादी जुनी धाव शोधावी आणि तिची पट्टी करून घ्यावी. पाहणाऱ्यास फरक कळला नसता. आपल्याच ज्ञातीतील एका लोहार बंधूंकडे मी गेलो. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले व म्हणाले, "दुसऱ्याच्या आज्याची धाव तुमच्या गाडीत कशाला? नवं लोखंड घ्या." आत्यांनीही तेच सांगितले, आणि वर आणखी एक आज्ञा केली : "लिहून ठेवा." त्याप्रमाणे पट्टी नव्या लोखंडाची झाली. फळी बसवण्यापूर्वी पुतण्याने शिसपेन्सिल घेतली आणि आजोबांच्या सतरा ओळींखाली, बाळबोध लिपीत, अठरावी ओळ लिहिली : डावी पट्टी, नवी, सन २०२२, रुपये १८०, जुनी आमच्या हातून गेली.